माळढोक, सोलर आणि कलम 21: स्वच्छ विजेचा राज्यघटनेशी संबंध येतो कुठे?

डिसेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने माळढोक पक्षी आणि तो ज्यांना धडकून मरतो त्या राजस्थान-गुजरातमधल्या सोलर-पवन विजेच्या वाहिन्या या प्रकरणात निकाल दिला आणि आमच्या मित्रांच्या ग्रुपवर लगेच दोन बाजू पडल्या, एक म्हणे पक्ष्यासाठी सोलर अडवणं चूक आहे, दुसरी म्हणे सोलरसाठी पक्ष्याचा बळी चाललाय, आणि मध्येच एका मित्राने सरळ विचारलं की अरे, पण या सगळ्याचा राज्यघटनेशी काय संबंध, घटनेत सोलर पॅनलबद्दल कुठे काय लिहिलंय? प्रश्न एकदम बरोबर होता. ग्रुपवर त्याला कुणी धड उत्तर दिलं नाही म्हणून हा लेख.

मी सोलापूरचा. नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्यापासून जेमतेम अर्ध्या तासावर. शाळेत असताना सहलीला नेलं होतं तेव्हा गुरुजींनी दुर्बीण हातात दिली आणि लांब गवतात एक उभी मान दाखवली, बस, तेवढाच माळढोक मी पाहिलाय. आणि याच सोलापूर जिल्ह्यात आता शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून माळरानावर सोलर बसतोय, तोही मला हवा आहे कारण रात्री दोनला मोटर चालू करायला जाणारी माणसं माझ्या घरातली आहेत. त्यामुळे यात मला एक बाजू घेऊन मोकळं होता येत नाही.

आधी घटना म्हणजे काय, सोसायटीच्या भाषेत

हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्यांना हे पटकन कळेल. सोसायटीची कमिटी बदलत राहते, कमिटी ठराव करते, पुढची कमिटी तो ठराव फिरवते. पण सोसायटीचे उपविधी असतात ते कमिटीला मनाला येईल तसे बदलता येत नाहीत आणि एखादा ठराव उपविधींच्या विरोधात गेला तर एकटा सभासदसुद्धा उभा राहून म्हणू शकतो की हे चालणार नाही. राज्यघटना म्हणजे देशाचे उपविधी. सरकारं येतात, जातात, धोरणं काढतात, अधिसूचना काढतात आणि मागेही घेतात, पण घटनेतला मूलभूत हक्क म्हणजे ज्याच्यासाठी साधा नागरिक थेट हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो असा हक्क, तो अधिसूचनेने पुसता येत नाही.

हा फरक नीट लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. विजेचा प्रकल्प पंचवीस-तीस वर्षं चालतो, सरकार पाच वर्षांचं असतं. स्वच्छ विजेचं धोरण नुसत्या सरकारी इच्छेवर टेकलं असेल तर ते दर निवडणुकीला हलतं, हक्कावर टेकलं असेल तर हलवायला फार जोर लागतो.

मग कलम 21 मध्ये हवा-पाणी आलं कुठून?

कलम 21 वाचलंत तर निराश व्हाल, एकच वाक्य आहे. कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पर्यावरण हा शब्दही त्यात नाही.

पर्यावरण घटनेत सरळ आलं ते 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने. कलम 48-अ मध्ये राज्याने पर्यावरण आणि वनं जपावीत असं लिहिलं आणि 51-अ मध्ये नागरिकांच्या कर्तव्यांत निसर्गाचं रक्षण आणि सजीवांविषयी दया हे घातलं. पण यात एक गोम आहे. 48-अ हे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि 51-अ हे कर्तव्य, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या चार गोष्टी, ऐकाव्यात अशी अपेक्षा पण नाही ऐकल्या म्हणून त्यांच्या जोरावर थेट कोर्टात जाता येत नाही.

हा तिढा सोडवला कोर्टाने, जगणं म्हणजे काय याचा अर्थ वाढवत नेऊन. 1985 मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या लोकांच्या केसमध्ये, ऑल्गा टेलिस खटला म्हणतात तो, तेव्हाचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने म्हटलं की ज्या उपजीविकेशिवाय माणूस जगूच शकत नाही ती जगण्याच्या हक्कातच येते. एकदा ही खिडकी उघडल्यावर हवा-पाणी आत यायला वेळ लागला नाही. 1991 मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या केसमध्ये प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा कलम 21 चाच भाग आहे असं कोर्टाने स्पष्ट लिहिलं. गंमत म्हणजे ती याचिका कोर्टाने फेटाळली होती, याचिकाकर्त्याचा स्वतःचा स्वार्थ दिसतोय म्हणून, पण ते एक वाक्य मात्र राहिलं आणि पुढे कितीतरी निकालांत त्याचाच आधार घेतला गेला.

आता साधा विचार करा. धूरविरहित हवा हा माझा हक्क असेल तर धूर कुठून येतो हे विचारायचाही हक्क मला आलाच. आणि आपल्या देशात अजूनही विजेची बहुतेक युनिटं कोळशातूनच येतात. वीज घटनेच्या दारात आली ती इथून.

डहाणूचं उदाहरण, जे आपण विसरलोय

पालघर जिल्ह्यातलं डहाणू म्हणजे चिकूच्या बागा, समुद्र आणि वारली पाडे. तिथे 500 मेगावॅटचा कोळशावरचा वीज प्रकल्प आला. स्थानिक लोक लढले, 1991 मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे डहाणू तालुक्यासाठी एक स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. या प्राधिकरणाने प्रकल्पाला एफजीडी बसवायला लावलं. एफजीडी म्हणजे चिमणीतून धूर बाहेर पडायच्या आधी त्यातलं गंधक धुऊन काढणारं यंत्र. महागडं असतं, त्यामुळे वाद झाले, वर्षं गेली, पण 2007 पर्यंत ते बसलं.

याच्या बाजूला देशातल्या बाकीच्या कोळसा प्रकल्पांचं काय झालं ते ठेवून बघा. 2015 मध्ये केंद्राने सगळ्यांसाठी गंधकाची मर्यादा ठरवली, मग मुदत वाढली, परत वाढली, परत वाढली, आणि जुलै 2025 मध्ये नवीन अधिसूचना निघाली की बहुतेक प्रकल्पांना या यंत्राची सक्तीच नाही. चंद्रपूर, कोराडी भागात राहणाऱ्यांना विचारा, सकाळी गच्चीवर बोट फिरवलं की राख दिसते. डहाणूला जे मिळालं ते कोर्टाने नेमलेलं प्राधिकरण पाठीशी होतं म्हणून मिळालं, बाकीच्यांना अधिसूचनेवर विसंबून राहावं लागलं. उपविधी आणि ठराव यातला फरक तो हाच.

आणि यात स्वच्छ ऊर्जेचा फायदा कुठे, असं कुणी विचारेल. फायदा असा की कोळशाला त्याच्या धुराची किंमत मोजायला लावली की कोळसा आहे तेवढा स्वस्त उरत नाही. आज तो स्वस्त वाटतो कारण धुराचं बिल आपण दवाखान्यात भरतोय. हे बिल ज्याचं त्याच्या नावावर टाकलं की सोलर आणि पवनचक्की यांना बरोबरीच्या मैदानावर खेळता येतं.

आम्ही आमची वीज आम्ही बनवतो, मग तुमचं काय?

दुसरं प्रकरण फारसं कुणाला माहीत नाही पण मला वाटतं सामान्य माणसाने हे एक तरी लक्षात ठेवावं. 2003 च्या वीज कायद्यात प्रत्येक राज्याच्या वीज नियामक आयोगाला, म्हणजे वीजदर आणि नियम ठरवणाऱ्या संस्थेला, सांगितलंय की अक्षय ऊर्जेला, म्हणजे ऊन-वाऱ्यासारख्या न संपणाऱ्या ऊर्जेला, चालना द्या आणि एकूण विजेतला ठराविक टक्का तिच्यातूनच घेतला पाहिजे असं ठरवा. याला आरपीओ म्हणतात, मराठीत अक्षय ऊर्जा खरेदीचं बंधन. भाजी आणायला निघालेल्या पोराला आई सांगते ना की काहीही आण पण एक जुडी पालेभाजी आलीच पाहिजे, तसं.

राजस्थानच्या आयोगाने हे बंधन वीज कंपन्यांबरोबरच स्वतःच्या कारखान्यापुरती वीज बनवणाऱ्या मोठ्या उद्योगांवरही घातलं. उद्योग कोर्टात गेले, त्यांचं म्हणणं असं की आम्ही कुणाला वीज विकत नाही, कुणाकडून घेत नाही, स्वतःच्या पैशाने प्लांट उभा केलाय, तुम्ही आम्हाला ही जबरदस्ती कशी करता? ऐकायला अगदी रास्त वाटतं. हिंदुस्तान झिंक विरुद्ध राजस्थान वीज नियामक आयोग या केसमध्ये 13 मे 2015 ला सुप्रीम कोर्टाने हे म्हणणं मान्य केलं नाही. बंधन कायदेशीर आहे असं सांगताना कोर्टाने वीज कायद्याबरोबर कलम 21 आणि 51-अ यांचाही आधार घेतला, म्हणजे वीज तुमची असली तरी तिचा धूर ज्या हवेत जातो ती हवा सगळ्यांची आहे, आणि त्या सगळ्यांच्या हक्कासाठी हे बंधन घालता येतं.

इथे हक्काने काय काम केलं बघा. डहाणूत हक्क ब्रेक होता, घाणेरडी वीज थांबव किंवा सुधार म्हणणारा. इथे तो ढाल झाला, स्वच्छ विजेसाठी केलेला एक चांगला नियम कोर्टात पाडला जात होता त्याच्या पुढे उभा राहिला. ब्रेकचं काम बातम्यांत येतं, ढालीचं येत नाही, पण मला विचाराल तर स्वच्छ ऊर्जेचा बाजार उभा राहण्यात या ढालीचं काम जास्त मोठं आहे, कारण ज्याला पैसे गुंतवायचेत त्याला हा नियम उद्या कोर्टात टिकेल का एवढंच कळायला हवं असतं.

आता माळढोक

हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं कारण यात दोन्ही बाजूंना पर्यावरणच आहे.

माळढोक आता 150 सुद्धा उरलेले नाहीत, बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. पक्षी अंगाने मोठा, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे समोरचं फार कमी दिसतं, आणि उडताना समोर तार आली तर एवढं जड अंग वेळेत वळवता येत नाही. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते. म्हणजे तारेला धडकून एक मादी मेली तरी हिशोब कितीतरी वर्षं मागे जातो. आणि नेमक्या त्याच थरच्या वाळवंटात देशातलं उत्तम ऊन आणि वारा आहे, भडल्याचा 2,245 मेगावॅटचा सोलर पार्क तिथलाच, ती वीज बाहेर न्यायची तर तारा लागणारच.

2019 मध्ये एम. के. रणजितसिंह यांनी याचिका केली. हे माजी सनदी अधिकारी, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात. 19 एप्रिल 2021 ला सुप्रीम कोर्टाने, खंडपीठाचे प्रमुख सरन्यायाधीश शरद बोबडे, आपले नागपूरचे, आदेश दिला की माळढोकच्या भागात तारा शक्य तिथे जमिनीखाली घाला आणि बाकीच्यांवर बर्ड डायव्हर्टर लावा, म्हणजे तारेला लटकणाऱ्या चमकत्या चकत्या, पक्ष्याला लांबून दिसाव्यात म्हणून. हा भाग सुमारे 99,000 चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचा जवळपास एक तृतीयांश होईल एवढा.

केंद्र सरकार परत कोर्टात आलं. मोठ्या दाबाच्या लाइन एवढ्या लांब जमिनीखालून नेणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, खर्च अनेक पटींनी वाढतो आणि भारताने जगाला जो शब्द दिलाय, 2030 पर्यंत 500 गिगावॅट बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून, वीजक्षमता आणि 2070 पर्यंत नेट झिरो, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढाच परत शोषून घेणं, तो मग पाळता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

21 मार्च 2024 ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने 2021 चा सरसकट आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञांची समिती नेमली, की कुठली तार जमिनीखाली जाऊ शकते आणि कुठली नाही हे एकेक करून बघा. पण त्या निकालात त्याहून मोठी गोष्ट झाली. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून सुरक्षित राहण्याचा हक्क नागरिकांना आहे आणि तो कलम 14 म्हणजे समानता आणि कलम 21 म्हणजे जगणं या दोन्हींतून येतो, असं सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा इतकं स्वच्छ सांगितलं. (वडिलांनी 1985 मध्ये जी खिडकी उघडली त्यातून मुलाने 2024 मध्ये हवामान आत घेतलं, मला ही गोष्ट फार भावते.)

समानता का, तर उष्णतेची लाट सगळ्यांवर येते पण सारखी येत नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात 43-44 अंश असतं तेव्हा एसीत बसलेला माणूस आणि पत्र्याच्या खोलीत विडी वळणारी बाई यांचा उन्हाळा एक नसतो. दुष्काळ पडला की बागायतदार टँकर घेतो आणि शेतमजूर ऊसतोडीला जातो. हवामान बदल गरिबाला आधी आणि जास्त मारतो म्हणून तो समानतेचा प्रश्न झाला. आणि या हक्काचं रक्षण करायचं तर सोलरसारख्या स्वच्छ विजेकडे जाणं सरकारचं कर्तव्यच ठरतं, असा तो धागा आहे, कोर्टाने त्यासाठी हवेचं प्रदूषण आणि खाली जाणारं भूजल अशी कारणंही मांडली.

म्हणजे स्वच्छ ऊर्जा ही इथे सरकारची आवड राहिली नाही, नागरिकांच्या हक्कापोटी सरकारवर येणारी जबाबदारी झाली.

मग पक्ष्याचं काय झालं? 

इथेच मला 2024 च्या निकालाने धास्तावलं होतं, खरं सांगतो. माणसाच्या हवामानाच्या हक्कापुढे पक्षी हरला असाच अर्थ बरेच जण काढत होते. पण समितीच्या शिफारशी आल्या आणि डिसेंबर 2025 च्या निकालात कोर्टाने त्या मान्य केल्या, तेव्हा माळढोकसाठीचं अग्रक्रमाचं क्षेत्र, आधी राजस्थानात 13,163 आणि गुजरातमध्ये 500 चौरस किलोमीटर होतं, ते वाढून 14,013 आणि 740 झालं. या भागात नवीन पवनचक्क्या आणि मोठे सोलर पार्क नाहीत, तारांना ठरवून दिलेले कॉरिडॉर, काही जुन्या लाइन जमिनीखाली.

म्हणजे 99,000 वर जाळं टाकून कुठेच नीट अंमल न होण्यापेक्षा साधारण 15,000 वर घट्ट पहारा. वाढप्याने पंगतीत सगळ्यांच्या पानात चमचाभर टाकत जायचं की ज्याची भूक खरी आहे त्याच्या पानात पुरेसं वाढायचं, असा तो प्रश्न होता. हे पुरेल का हे तिथल्या गवतात पिल्लं दिसतील तेव्हा कळेल, आणि आमच्या नान्नजचा अनुभव सांगतो की पहारा कागदावर ठेवून पक्षी राहत नाही. तरी रीत म्हणून मला ती पटते, आधी हक्क कुणाकुणाचे ते मान्य करायचं आणि मग नकाशा पुढे ठेवून जागा ठरवायच्या.

हे फक्त भारतातच चाललंय का?

नाही, आणि दुसरीकडे तर काही ठिकाणी घटनेत शब्दच थेट आहेत.

अमेरिकेच्या मोंटाना राज्याच्या 1972 च्या घटनेत स्वच्छ आणि आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क लिहिलेला आहे. तरी तिथे कायदा असा होता की प्रकल्पाला परवानगी देताना हरितगृह वायूंचा, म्हणजे पृथ्वी तापवणाऱ्या धुराचा, विचारच करायचा नाही. 16 मुलं-मुली कोर्टात गेली, केस टाकली तेव्हा सगळ्यात लहान दोन वर्षांचं होतं. 2023 मध्ये ती जिंकली आणि डिसेंबर 2024 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम ठेवला. डॉक्टरने नाडी बघायचीच नाही असा नियम असावा, तसा तो कायदा होता, तो गेला.

जर्मनीचं उदाहरण समजायला सगळ्यात सोपं. तिथल्या घटना न्यायालयाने मार्च 2021 मध्ये म्हटलं की सरकारचा हवामान कायदा अर्धवट आहे, कारण 2030 नंतरचं काय ते नीट ठरवलेलंच नाही. पगार एक तारखेला आला आणि दहा तारखेपर्यंत बहुतेक उडवला तर उरलेले वीस दिवस घरातल्या लहानांनी काय खायचं? आजची पिढी जेवढा धूर सोडेल तेवढं पुढच्या पिढीचं स्वातंत्र्य आवळलं जाईल, असा कोर्टाचा मुद्दा होता. काही महिन्यांतच संसदेने कायदा कडक केला, 2030 पर्यंत उत्सर्जनात 65 टक्के कपात आणि 2045 पर्यंत हवामान-तटस्थता.

मेक्सिकोत तर गोष्ट अजून सरळ होती. 2020 मध्ये कोविडचं कारण देऊन सरकारी ग्रिडवाल्यांनी, म्हणजे देशभरातलं विजेच्या तारांचं जाळं चालवणाऱ्यांनी, नवीन पवन आणि सोलर प्रकल्पांच्या चाचण्याच थांबवल्या, म्हणजे ते सुरूच होऊ शकत नव्हते. पर्यावरण संघटना आरोग्यदायी पर्यावरणाच्या घटनात्मक हक्कावर कोर्टात गेली आणि कोर्टाने ते धोरण रोखलं.

आणि हवाई. तिथे कंपनीला झाडं जाळून वीज बनवायची होती, अक्षय ऊर्जा या नावाखाली. तिथल्या वीज आयोगाने वीजखरेदीचा करार नाकारला आणि 2023 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने आयोगाचं बरोबर ठरवलं. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे की नाव हिरवं असलं म्हणजे हक्क तिच्या बाजूने झालाच असं नाही, खरंच धूर किती कमी होतो ते मोजून दाखवावं लागतं.

पण वीज कुठली घ्यायची हे कोर्टाने ठरवायचं का?

हा आक्षेप मला गंभीर वाटतो. न्यायाधीश इंजिनिअर नसतात, ग्रिड कसा चालतो हे त्यांचं काम नाही आणि त्यांना आपण निवडून दिलेलं नाही. 2021 चा आदेश बघा, हेतू चांगला होता पण मोठ्या दाबाच्या तारांबद्दलचं गणित चुकलं आणि तीन वर्षांनी कोर्टाने स्वतःच ते दुरुस्त केलं.

माझं उत्तर असं आहे की कोर्टाने अंपायरसारखं राहावं. अंपायर बॅटिंग करत नाही, पण बॅटिंग न करताच धावा मागणाऱ्याला तो थांबवतो. सोलर किती, वारा किती, अणुऊर्जा किती हे संसदेने, सरकारने आणि आयोगाने ठरवावं. काहीच ठरवलं नाही, किंवा ठरवून पाळलं नाही, किंवा ज्यांची हवा जाणार आहे त्यांना विचारलंच नाही, तर हक्क घेऊन कोर्टात जाता यायला हवं. वर सांगितलेल्या बहुतेक केसमध्ये कोर्टाने प्लांट कुठे बांधा हे सांगितलेलं नाही, हिशोब मागितलाय.

मग सोलर कंपन्यांना रान मोकळं झालं का?

ही भीती खरी आहे. आपल्याकडे सोलर आणि पवन प्रकल्प 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या यादीतच नाहीत, म्हणजे कोळशाच्या प्रकल्पासाठी होते तशी जनसुनावणी त्यांच्यासाठी होत नाही. त्यामुळे पडीक म्हणून नोंद असलेली जमीन जाते, आणि पडीक हा महसूल खात्याचा शब्द आहे, मेंढपाळाला विचारा ती पडीक आहे का. राजस्थानात ओरण असतात, आपल्या देवराईसारखी देवाच्या नावाने राखलेली राने, तिथली माणसं सोलरपासून ती वाचवायला रस्त्यावर उतरली. डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने राजस्थान सरकारला ओरणांचा नकाशा करायला आणि त्यांना वनाचा दर्जा द्यायला सांगितलं. तिथेही आधार पर्यावरणाचाच.

म्हणजे हा हक्क कंपनीच्या मालकीचा नाही, लोकांचा आहे. सोलरवाल्यांनी हवामान बदलाचं नाव घेऊन धनगराचं कुरण घेतलं तर तोच धनगर त्याच कलम 21 खाली उभा राहू शकतो, आणि त्याने राहावंच. उलट त्यामुळे चांगले प्रकल्प पुढे येतात. आपल्याकडच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाच्या सबस्टेशनजवळ छोटे प्रकल्प होतात, जमीन विकावी लागत नाही, भाड्याने देता येते, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, लांबच लांब तारा लागत नाहीत आणि त्या फीडरवरच्या, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या त्या लाइनवरच्या, शेतकऱ्यांना दिवसा पाणी देता येतं. रात्रीच्या विजेमुळे साप चावून मेलेला माणूस ज्याच्या घरात आहे त्याला जगण्याचा हक्क आणि सौर फीडर यांचा संबंध समजावून सांगावा लागत नाही.

महाग नाही का पडणार?

थोडक्यात सांगतो. 2020 मध्ये गुजरातच्या एका लिलावात सोलरचा दर युनिटला 1 रुपया 99 पैसे निघाला होता, तेवढा कायम राहिला नाही पण नवीन कोळसा प्रकल्पापेक्षा दिवसाची सोलर वीज आज स्वस्तच आहे. महाग आहे ती संध्याकाळ, म्हणजे ऊन गेल्यावर साठवलेली वीज. तिच्या बॅटऱ्या स्वस्त होत चालल्यात. खरा महागडा प्रश्न चंद्रपूर, वणीच्या खाणीत काम करणाऱ्यांचा आहे, कोळसा कमी झाला तर त्यांची चूल कशी पेटणार, आणि ऑल्गा टेलिसनंतर उपजीविकासुद्धा कलम 21 मध्येच आहे. त्यांना बाजूला टाकून केलेला बदल त्याच हक्काच्या विरोधात जाईल. यावर आपल्याकडे अजून पुरेसं बोलणंही सुरू झालेलं नाही याचं मला वाईट वाटतं.

तुम्ही-आम्ही यात काय करू शकतो?

सुप्रीम कोर्ट लांब आहे पण सगळ्या गोष्टी तिथपर्यंत न्याव्या लागत नाहीत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण म्हणजे फक्त पर्यावरणाचे खटले ऐकणारं कोर्ट, त्याचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे आणि 2010 च्या ज्या कायद्याने ते झालं त्याच्या प्रस्तावनेतच निरोगी पर्यावरण हा कलम 21 चा भाग असल्याचं लिहिलंय. हायकोर्टात कलम 226 खाली जाता येतं. त्याआधी महाराष्ट्र वीज नियामक आयोग वीजदर ठरवताना लोकांच्या सूचना-हरकती मागवतो, सुनावण्या घेतो, तिथे कुठलाही ग्राहक विचारू शकतो की यंदाचं अक्षय ऊर्जेचं बंधन पूर्ण केलं का आणि नसेल तर का नाही. यासाठी वकील लागत नाही.

आणि तुमच्या भागात कोळशाच्या प्रकल्पाची किंवा खाणीची जनसुनावणी असेल तर जा. नोटीस किमान 30 दिवस आधी लागते, सगळ्या सुनावणीचं व्हिडिओ शूटिंग व्हावं लागतं. नुसतं आमचा विरोध आहे असं ओरडून येऊ नका, कुणाच्या विहिरीत राख येते, कुठल्या शाळेच्या वर्गात धूळ बसते, सोलरचा पर्याय बघितला का, हे नावनिशीवार सांगा आणि लेखी द्या, कारण पुढे कोर्टात गेलं तर न्यायाधीशांपुढे हेच कागद येतात. शेवटी सुनावणीचा वृत्तांत तिथल्या तिथे लोकांना मराठीत वाचून दाखवावा लागतो आणि मगच त्यावर सही होते. तोपर्यंत उठून जाऊ नका, वाचून दाखवा म्हणा, आणि तुम्ही बोललेलं त्यात आलंय का ते कान देऊन ऐका.